लातूरहून शोधलेले मॅडिसनचे घर: घरे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या सेवेविषयी

लातूरच्या ट्यूशन एरियाजवळ माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि गेली चौदा वर्षे मी त्या शिकवणीसाठी उदगीर, अहमदपूर, नांदेडहून येणाऱ्या मुलांना भाड्याने देत आलो आहे. त्यामुळे धाकट्या मुलीला २०२४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन येथे, एम.एस.साठी प्रवेश मिळाला तेव्हा तिच्यासाठी घर शोधण्याचे काम मी मोठ्या आत्मविश्वासाने अंगावर घेतले. हा आत्मविश्वास पंधरवडाभर टिकला. ज्या कंपनीकडून शेवटी घर घेतले, तिचे नाव येथे देत नाही. तिच्या सेवेत काय पटले आणि काय खटकले, एवढेच लिहितो.

मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी असली तरी २०२०च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे २ लाख ७० हजार होती, म्हणजे २०११च्या जनगणनेतील आपल्या लातूरपेक्षाही लाखभराने कमी. शहराचा मध्यभाग मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेला आहे आणि विद्यापीठ त्याला लागूनच मेंडोटाच्या काठी आहे. साहजिकच चालत वर्गात जाता येईल अशी घरे मोजकी आणि ती हवी असणारी मुले हजारो. त्यात तेथील बहुतेक विद्यार्थी-घरांचे करार १५ ऑगस्टला सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या १४ ऑगस्टला संपतात, आणि त्यांची बोलणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच सुरू झालेली असतात. आम्ही एप्रिलमध्ये शोध सुरू केला, तोवर चांगली घरे केव्हाच गेली होती. जुना करार १४ तारखेला दुपारी संपतो आणि नवा १५ला सुरू होतो, त्यामुळे एका रात्रीसाठी अर्धे शहर सामानासह रस्त्यावर असते. लोक नको असलेले सोफे आणि टेबले पदपथावर सोडून जातात आणि त्या दिवसांना तेथे गमतीने ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात. मुलीला अभ्यासाचे टेबल आणि दोन खुर्च्या तेथेच फुकट मिळाल्या. अमेरिकेत मुलगी रस्त्यावरच्या खुर्च्या उचलते, हे तिच्या आईला अजूनही पटलेले नाही.

कंपनीने घर दाखवले ते चित्रफितीतून. चित्रीकरण देखणे होते. मोठी खिडकी, समोर झाड, लाकडी जमीन. प्रत्यक्षात ती चित्रफीत त्याच इमारतीतील नमुन्याच्या सदनिकेची होती आणि मुलीच्या वाट्याला आलेल्या घराची खिडकी वाहनतळाकडे उघडते. ‘हीच सदनिका मिळेल काय’ असा थेट प्रश्न मी ई-मेलवर विचारला होता आणि उत्तर आले होते की सर्व सदनिकांची ‘मांडणी सारखीच’ आहे. उत्तर खोटे नव्हते, पण माझ्या प्रश्नाचेही नव्हते. उन्हाळ्यात मॅडिसनचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. त्यांचे कार्यालय संध्याकाळी पाचला बंद होते, तेव्हा येथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. खरे तर फोनवर बोलून ही गोष्ट स्पष्ट करून घ्यायला हवी होती, पण त्यासाठी जागरण करण्याचा मला कंटाळा आला, हा दोष माझा. दूरून घर घेणाऱ्याने त्याच क्रमांकाच्या सदनिकेचे थेट दृश्य फोनवर मागावे आणि ते मिळेपर्यंत पैसे पाठवू नयेत. विद्यापीठ स्वतः परिसरातील घरांची यादी चालवते. शोध तेथून सुरू करणे अधिक बरे.

दोन शयनगृहांचे भाडे महिना १,९०० डॉलर ठरले, ते मुलगी आणि पुण्याची एक मुलगी निम्मे-निम्मे भरणार होत्या. अमेरिकेतील पतव्यवहाराचा इतिहास नसल्याने कंपनीने दोन महिन्यांचे भाडे अनामत मागितले. विस्कॉन्सिनच्या कायद्यात अनामतीला वरची मर्यादा नाही, त्यामुळे घासाघीस करायला जागाच नव्हती. मला अधिक धास्ती वाटली ती दुसऱ्या एका कलमाची. कराराप्रमाणे दोघीही संपूर्ण भाड्याला एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार होत्या, म्हणजे एक मध्येच निघून गेली तर कंपनी दुसरीकडून अख्खे १,९०० डॉलर मागू शकते. हे कलम कंपनीच्या प्रतिनिधीने आपणहून समजावून सांगितले आणि जोडीदारीण पारखूनच सही करा असेही सांगितले. चित्रफितीवरून आलेला राग त्यामुळे पुष्कळ ओसरला.

घर म्हणावे तर ठीक होते. हीटिंगचा खर्च भाड्यातच धरलेला असणे ही मोठी सोय ठरली, कारण जानेवारीच्या रात्री तेथे पारा शून्याखाली दहा-बारा अंशांवर जाणे नित्याचे असते आणि मेंडोटा तळे इतके गोठते की लोक त्यावरून चालतात. कपडे धुण्याची यंत्रे तळघरात होती. सर्वांत मोठी अडचण स्वयंपाकघराची: शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता गाळून पुन्हा खोलीतच सोडायचा, त्यामुळे मिरचीची फोडणी दिली की छतावरची धुराची घंटा ठणाणा करू लागायची. मग फोडणीपूर्वी खिडकी उघडणे आणि एकीने टॉवेल हलवत उभे राहणे हा रोजचा रिवाज झाला. तेवढ्यासाठी तरी ती वाहनतळाकडची खिडकी कामाला आली. विद्यापीठाच्या मुलांना विद्यार्थी संघटनेमार्फत बसचा पास मिळतो, म्हणून अंतराचा त्रास फारसा जाणवला नाही.

ज्या गोष्टीसाठी या कंपनीला मी पाचपैकी तीन गुण देतो, ती म्हणजे अनामतीचा व्यवहार. तेथील नियमांनुसार घराचा ताबा घेताना भाडेकरूला एक तपासणीपत्रक मिळते. आधीपासून असलेली मोडतोड त्यावर लिहून कळवायला त्याला किमान सात दिवसांची मुदत असते, आणि आधीच्या भाडेकरूच्या अनामतीतून कशाकशाचे पैसे कापले, याची यादीही तो मागू शकतो. घर सोडल्यावर एकवीस दिवसांच्या आत अनामत परत करावी लागते आणि कपात केली असेल तर तिचा हिशेब लेखी द्यावा लागतो. मुलीने पहिल्याच आठवड्यात छायाचित्रांसह पत्रक भरले होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये घर सोडल्यानंतर अठराव्या दिवशी हिशेब आला. त्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवरील डागासाठी १४० डॉलर कापले होते. तो डाग पत्रकात नोंदलेला होता. तिने प्रत पाठवली, चार दिवसांत ९५ डॉलर परत आले आणि उरलेले ४५ फोडणीच्या तेलाचे आहेत, असे कंपनीने कळवले. त्यावर आम्ही वाद घातला नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. माझ्या खोल्यांचा व्यवहार मात्र इतकी वर्षे तोंडी चालला. मुले जाताना ‘काका, डिपॉझिट’ म्हणत दारात उभी राहत आणि मी भिंतीकडे पाहून मनाला येईल तो आकडा कापत असे. आता अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवतो आणि राहायला येणाऱ्या मुलाच्या हातात एक कोरा कागद देऊन आठवड्याभरात खोलीतले दोष लिहून आणायला सांगतो. उदगीरच्या मुलाने पहिल्याच दिवशी लिहून दिले की पंख्याचा रेग्युलेटर दोनवरच अडकतो. तो मी अजून बदललेला नाही.