कारायानचा बीथोव्हेन: चार संचांपैकी घ्यायचा कुठला?

वाद्यवृंद-संचालक हर्बर्ट फॉन कारायानने बीथोव्हेनच्या नऊही सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) रेकॉर्डसाठी चार वेळा वाजवून घेतल्या. माणूस एकच, बीथोव्हेनही तोच, मग चारांत निवडायचं काय, असं वाटेल. पण ऐकायला बसलं की फरक लगेच कळतो.

माझं मत आधीच सांगतो: एकच संच घ्यायचा तर १९६१-६२चा घ्या. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची नवी इमारत तेव्हा उभी राहायची होती (ती १९६३ला उघडली), म्हणून रेकॉर्डिंग झालं डालेम भागातल्या येशू-ख्रिस्त चर्चमध्ये. त्या वास्तूचा घुमारा असा, की तंतुवाद्यांचा आवाज भरून येतो, तरी बासरी किंवा ओबो त्यात बुडत नाही. सातवीचा शेवटचा भाग ऐका. लय चढी आहे, पण घाई कुठेच नाही. एखादा मुरलेला तबलजी द्रुतमध्येही बोल स्वच्छ ठेवतो, तसं. नववीत गुंडुला यानोवित्सचा सोप्रानो (उंच पट्टीचा स्त्रीस्वर) समूहगानाच्या वरून तारेसारखा सरळ जातो. हा स्वर पुढच्या दोन्ही संचांत नाही.

खोट आहे ती सहावीत. निसर्गाच्या या सिंफनीत फेरफटका मारायचा असतो. इथे कारायान गाडी पकडायला निघाल्यासारखा चालतो. शिवाय खेडुतांच्या नाचाची पुनरावृत्तीही गाळली आहे. सहावी तुमची लाडकी असेल, तर ती दुसऱ्या कुणाकडे ऐकावी.

१९७०च्या दशकातला संचही बर्लिनचाच, पण मुक्काम आता फिलहार्मोनीच्या नव्या सभागृहात. आवाज जाड, गुळगुळीत, बासचा भरणा जास्त. पाचवीला हा थाट शोभतो, पहिल्या दोन हलक्याफुलक्या सिंफनींना मात्र भरजरी शालू नेसवल्यासारखा वाटतो. नववीचे पहिले तीन भाग मला इथे साठच्या संचापेक्षाही आवडतात. स्टिरिओतलाच दुसरा संच घ्यायचा असेल तर हा.

१९८२ ते ८४चा डिजिटल संच तिसरी सिंफनी, म्हणजे एरोइका, हिच्यासाठी घ्यावासा वाटतो, बाकीसाठी नाही. आवाजाला एक करकरीत कडा आहे. तासाभरात कान थकतात.

राहिला सर्वांत आधीचा, लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरचा, १९५१ ते ५५चा. बहुतेक मोनो (डाव्या-उजव्या बाजूंना एकच आवाज), म्हणून लोक बाजूला ठेवतात, आणि चुकतात. वाद्यवृंद सडपातळ, चपळ. हॉर्नवर त्या काळचा नामवंत वादक डेनिस ब्रेन. एरोइकाच्या स्केर्त्झोत (तिसऱ्या, चपळ भागात) तीन हॉर्न एकदम शिकारीची हाळी देतात, तेवढा एक तुकडा लावून बघा. मोनोचं वावडं नसेल, तर साठच्या संचाशेजारी ठेवायला मी सत्तरच्याऐवजी हाच उचलेन. पण हेडफोनवर ऐकणाऱ्याला हा सल्ला देणार नाही.