जीन कोड काही महिने वापरल्यानंतर: भौतिकी उत्तम, चेकपॉइंट मात्र सांभाळा

टोकामॅकमधील, म्हणजे तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या वलयाकार यंत्रातील, प्रक्षोभाचे गणन करणाऱ्या ‘जीन’ या जायरोकायनेटिक (कणांच्या वेगवान गिरक्यांची सरासरी घेऊन चालणाऱ्या) कोडविषयी लिहिण्याचा माझा विचार नव्हता. पण नुकताच एक जॉब 24 तासांची मर्यादा गाठून मारला गेला, शेवटची चेकपॉइंट फाइल (गणन थांबले तिथूनच पुढे सुरू करता यावे म्हणून साठवलेली स्थिती) लिहायची राहिली आणि 256 प्रोसेसर-कोअरांचे 6144 कोअर-तास पाण्यात गेले. आमच्या संगणन केंद्राने दिलेल्या नमुना-स्क्रिप्टमध्ये कोडची वेळमर्यादा आणि जॉबना पाळी देणाऱ्या रांगेची वेळमर्यादा दोन्ही 86400 सेकंदच होत्या, त्यामुळे कोडने आवरते घेण्याआधीच रांगेने त्याला संपवले. तक्रारीवर ‘जॉब मर्यादेनुसार थांबला’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. तास परत मिळाले नाहीत.

गेलेली फाइल तरी केवढी? 128×16×16×32×8 बिंदूंचे जाळे, आयन आणि इलेक्ट्रॉन असे दोन प्रकारचे कण, प्रत्येक बिंदूवर 16 बाइटची एक संमिश्र संख्या. सगळे मिळून सुमारे 268 एमबी. लग्नाच्या वरातीचा व्हिडिओ याहून मोठा असतो. पण ती नसेल तर पुन्हा किरकोळ गोंगाटापासून सुरुवात, मग रेषीय वाढ (लहान लहरी एकमेकींना न अडवता फुगण्याचा टप्पा), मग उष्णतावहनाची पहिली मोठी उसळी, आणि त्यानंतर कुठे सरासरी घेण्याजोगा स्थिरावलेला प्रक्षोभ. आधीचा सगळा भाग पैसे मोजून टाकून द्यायचा असतो, आणि तोच मला दोनदा विकत घ्यावा लागला.

एरवी गार्खिंगच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक येंको यांच्या पुढाकाराने वाढलेल्या या कोडला नावे ठेवायला फारशी जागा नाही. असे कोड पडताळण्यासाठी सर्रास वापरली जाणारी सायक्लोन बेस केस ही नमुना-चाचणी अॅडियाबॅटिक इलेक्ट्रॉन धरून, म्हणजे इलेक्ट्रॉनांची हालचाल स्वतंत्रपणे न सोडवता त्यांचा प्रतिसाद साध्या सूत्राने मांडून, चालवली. तापमानाचा उतार (यंत्राच्या त्रिज्येच्या मापाने मोजलेला) 6.9 ठेवल्यावर प्रक्षोभ जोमात होता. 5 वर आणल्यावर एक उसळी आली आणि उष्णतावहन जवळजवळ शून्यावर बसले. रेषीय उंबरठा 4 च्या आसपास असल्याने अस्थिरता जिवंतच असते, पण तिनेच उभे केलेले झोनल प्रवाह (प्लाझ्माच्या थरांना एकमेकांवर सरकवणारे प्रवाह) तिला दाबून धरतात आणि खरे वहन 6 च्या आसपास सुरू होते, हे डिमिट्स आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवले होते. ते आपल्याच आलेखात उतरताना पाहण्याचे समाधान वेगळे.

वेगाच्या जाळ्यातील कृत्रिम क्षयाबद्दल, म्हणजे जाळ्याला न पेलणारे बारीक तपशील विझवण्यासाठी मुद्दाम घातलेल्या पदाबद्दल, मात्र माझे मत बदलले. सुरुवातीला तो मला मुळीच खपत नव्हता. झोनल प्रवाह शेवटी किती टिकतो हे तपासणाऱ्या रोझेनब्लुथ–हिंटन चाचणीत q (चुंबकीय रेषांच्या पिळाचे माप) 1.4 आणि ε (वलयाच्या लहान व मोठ्या त्रिज्यांचे गुणोत्तर) 0.18 असताना सुरुवातीच्या सुमारे 0.12 इतका झोनल प्रवाह उरायला हवा. क्षय बंद ठेवला तर 32 बिंदूंच्या जाळ्यावर विरून गेलेले आंदोलन काही काळाने भुतासारखे परत उगवते. जाळे दुप्पट करणे हा सोवळा उपाय खरा, पण बिलही दुप्पट. गुणांक लहान ठेवला की काम भागते, म्हणून आता मी तो बंद करत नाही.

गतिमान इलेक्ट्रॉन, म्हणजे ज्यांची हालचालही पूर्ण सोडवायची असे इलेक्ट्रॉन, घेताना खिसा तपासून घ्यावा. सारख्या तापमानाला ते ड्युटेरियमच्या आयनांपेक्षा सुमारे 60 पट वेगाने धावतात, कालपायरी त्या प्रमाणात आखडते आणि एकाच गणनासाठी पाठोपाठचे जॉब लावणे अटळ होते. कोडची मर्यादा मी आता 84600 सेकंद, म्हणजे रांगेच्या मर्यादेहून अर्धा तास कमी, ठेवतो आणि मधले चेकपॉइंटही चालू ठेवतो. अॅडियाबॅटिक इलेक्ट्रॉनांवर ज्यांचे भागते, त्यांच्या वाट्याला हे दुखणे क्वचितच येईल.