हार्मोनियमचं पुस्तक म्हणून घेतलं, निघालं हेरफर्डचं

फोर्टात हुतात्मा चौकाच्या आसपास फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला बसतात, त्यातल्या एकाकडून घेतलेली पुस्तिका. दोनशे सांगितले, एकशेवीसला सुटली. "साहब, हार्मोनियम की किताब है," असं ठासून सांगून माझ्या हातात कोंबली. मुखपृष्ठावर एकावर एक पट्ट्यांचे थर आणि मागे छतापर्यंत नळ्याच नळ्या. गिरगावात चाळीस वर्षं नाट्यगीतांना पायपेटीची साथ करतोय, तेव्हा ही आपली जात नव्हे हे दिसतच होतं. तरी घेतली.

आत इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथीड्रलचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, आणि तिथला नळ्यांचा ऑर्गन वाजवणाऱ्यांचा इतिहास. कमानी, बिशप, थडगी ही पानं मी भराभर उलटली. १७८६ साली ईस्टरच्या सोमवारी पश्चिमेकडचा मनोराच कोसळला, एवढं लक्षात राहिलं.

माणसांची पानं मात्र दोनदा वाचली. सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली १८३२ मध्ये इथे ऑर्गनवादक म्हणून आला, वय अवघं बावीस. एका ईस्टरला मोठे गायक कोणी हजरच नाहीत. वरच्या सुरात गाणारी पोरं आणि खर्जाला एकटा माणूस, तोही डीनचा, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याचा, बटलर! वेस्लीने तेवढ्यांच्या गळ्याला पेलेल अशी रचना बांधली आणि ती आजही गातात. आमच्याकडे ऐन प्रयोगाच्या दिवशी टाळवाल्याचा फोन बंद लागला, तेव्हा पडदा ओढणाऱ्या दाजींच्या हातात टाळ दिले होते. ते आजही कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. वेस्लीने १८३५ मध्ये त्याच डीनच्या बहिणीशी लग्न केलं आणि त्याच वर्षी एक्झिटरच्या कॅथीड्रलची नोकरी धरली.

सिंक्लेअर हा ऑर्गनवादक १८८९ ला आला. त्याचा बुलडॉग डॅन एकदा काठावरून घसरून वाय नदीत पडला, प्रवाहाविरुद्ध पोहत वर आला आणि बाहेर पडताच भुंकला. सिंक्लेअर सोबतच्या संगीतकार एल्गारला म्हणाला, बसव याला चाल. एल्गारने खरंच बसवली. एकाच सुरावटीची निरनिराळी रूपं असलेल्या त्याच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मधलं अकरावं रूप, १८९९. मी फोनवर लावून ऐकलं. पडणं सुरुवातीलाच उरकतं, मग हातपाय मारणं, आणि पुढे चक्क भुंकणं. नाव सिंक्लेअरच्या आद्याक्षरांवर, भाव खाल्लाय कुत्र्याने.

सिंक्लेअरचा मदतनीस पर्सी हल १९१४ ला जर्मनीत गेला, महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनांनी अडकवून ठेवला. सुटून आल्यावर १९१८ पासून १९४९ पर्यंत हेरफर्डच्या ऑर्गनवर तोच.

तक्रार एक. माझ्या पायपेटीला वारा माझेच पाय घालतात. मोटर येण्याआधी त्या नळ्यांना भाता मारायला मागे कोणीतरी घाम गाळत असणार. एवढे वादक क्रमाने लावलेत, त्या भातेवाल्यांवर एक ओळ नाही.

तक्रार दुसरी विक्रेत्याची. हलनंतरची चार पानं गायब. पुढच्या शनिवारी नेऊन दाखवलं, तर म्हणतो, "साहब, दो सौ बोला था, एक सौ बीस में दिया. चार पन्ने का पैसा तो काट लिया ना?"

जाताना त्याच्याकडून तबल्याचं एक पुस्तक घेतलं. या वेळी पानं तिथेच मोजली.