विंडोज ११, काही महिन्यांच्या वापरानंतर: सोलापुरातल्या टॉवेलच्या ऑफिसातून

आधी निकाल सांगतो. बिलिंग, डिस्पॅच आणि पगारपत्रक चालवणाऱ्या ऑफिसला विंडोज ११ पुरेशी आहे, स्थिरही आहे. मधोमध आलेलं स्टार्ट बटण, गोल कोपरे, नवी सेटिंग्ज ही वरची रंगरंगोटी आठवड्यात अंगवळणी पडते. अडतं ते जुन्या गोष्टींपाशी. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून साठत आलेल्या थरांपैकी कोणता ठेवलाय आणि कोणता छाटलाय, यावर तुमचं काम चालणार की थांबणार ते ठरतं.

ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीकडचं. असेंबल केलेले पीसी, आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, बिलांसाठी ८० कॉलमचे ९ पिनी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. कागदावरची किमान अट ४ जीबी रॅमची आहे. विंडोज ९५ ची ४ एमबी होती, म्हणजे बरोबर १०२४ पट. आणि तेव्हाही कागदावरच्या अटीत कुणाचं भागत नव्हतं. ८ जीबीच्या खाली जाऊ नका. हार्ड डिस्कवर तर टाकूच नका, सकाळी चालू करून चहा पिऊन आलात तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असेल.

अपग्रेडचा पहिला अडथळा टीपीएम २.०, म्हणजे बोर्डातली सुरक्षेची सोय. बऱ्याच बोर्डांत तो असतो, पण बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असतो. इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम या नावाने शोधा. दुसरा अडथळा जास्त छळतो: ११ ला यूईएफआय ही नवी बूट पद्धत लागते, आणि तिला डिस्कची जुनी एमबीआर नव्हे, जीपीटी मांडणी हवी. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे पाडायची जुनी सवय. एमबीआर डिस्कवर शेवटचे तुकडे एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये जातात, आणि एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजचंच साधन अशी डिस्क घेत नाही. त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात. म्हणून ई आणि एफ मधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, एक्स्टेंडेड भाग पूर्ण उडवा, मग आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’ चालवा. चालू विंडोजमधून करताना ‘अलाऊ फुल ओएस’ हा स्विच लागतो. त्यानंतर बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या बूट पद्धतीची सोय) बंद करून यूईएफआय निवडा. हा क्रम उलटा केला तर मशीन बूटच होत नाही.

आता प्रिंटर, कारण निम्मे फोन त्याचेच. बिलाचा सलग कागद १० बाय १२ इंची. नवीन इन्स्टॉलनंतर ड्रायव्हर ए-फोर धरून बसतो. ए-फोरची उंची २९७ मिमी, आपला कागद ३०४.८ मिमी. म्हणजे दर पानामागे छपाई जवळपास ८ मिमी वर सरकते. पहिलं बिल ठीक वाटतं, दुसऱ्यात कळत नाही, दहाव्याला छपाई ७ सेंटिमीटर वर गेलेली असते आणि पार्टीचं नाव छिद्रांच्या रेघेपलीकडे मागच्या बिलावर. ऑपरेटर चाक फिरवून कागद जुळवत बसतो, तो पुन्हा सरकतो. उपाय असा: सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, खाली ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’. इथे ११ चा मुखवटा गळून पडतो आणि जुनी राखाडी खिडकी उघडते. ‘फॉर्म्स’मध्ये नवा फॉर्म तयार करा, रुंदी १० इंच, उंची १२ इंच, मार्जिन शून्य, नाव द्या, सेव्ह करा. मग तोच फॉर्म प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही निवडा. एकाच ठिकाणी निवडला तर दुसरं त्याला खोडतं. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी ११ इंच असेल तर तीही १२ करा.

छपाई रेंगाळत असेल तर फॉन्ट पाहा. विंडोजचा ट्रूटाइप फॉन्ट प्रिंटरकडे चित्र म्हणून जातो. प्रिंटरचाच १० सीपीआय (इंचाला १० अक्षरं) फॉन्ट वापरला की ८ इंचात ८० अक्षरं धडाधड पडतात. मराठीला मात्र इलाज नाही. या प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते, त्यामुळे मराठी ओळ चित्र म्हणूनच छापली जाणार.

खरी कात्री लागली आहे ती डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या काळ्या स्क्रीनच्या, प्रोग्रॅमांना. पगाराचे आणि सुताच्या हिशेबाचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधले प्रोग्रॅम अजून कित्येक ठिकाणी चालू आहेत. डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भाग ३२ बिटच्या विंडोजमध्येच होता. विंडोज १० पर्यंत ३२ बिटची आवृत्ती मिळायची, ११ ती देतच नाही. त्यामुळे जुनी ईएक्सई फाइल नुसता नकार देते. यातून वाट आहे: डॉसबॉक्स-एक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम चालतो आणि त्याचं प्रिंट फाइलमध्ये घेता येतं. फॉक्सप्रोच्या डेटाच्या डीबीएफ फायली तर एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क थेट उघडतात, म्हणजे हिशेब बुडत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोवरचे ३२ बिटचे प्रोग्रॅम मात्र चालतात. फायली ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न ठेवता सरळ सी किंवा डी वर वेगळ्या फोल्डरात ठेवा, नाहीतर लिहायची परवानगी मिळत नाही.

दुसरी कात्री नेटवर्कची. पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले शेअर फोल्डर ही आपली जुनी रीत. २४एच२ या २०२४ च्या अपडेटपासून प्रो आवृत्तीत गेस्ट म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, शिरणं बंद आहे आणि एसएमबी या फाइल-शेअरिंगच्या पद्धतीत सायनिंग (निरोप खरा असल्याची सही) सक्तीचं आहे. एक्सपी फक्त एसएमबी १ बोलते, ते ११ वर मुळात बसवलेलंच नसतं. एक्सपीसाठी ते पुन्हा चालू करण्याच्या भानगडीत पडू नका, तिला एप्रिल २०१४ नंतर नियमित दुरुस्ती नाही. ज्या मशीनवर डेटा आहे तिथे एक यूझर पासवर्डसह तयार करा, फोल्डर त्यालाच शेअर करा, आणि बाकीच्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते नाव-पासवर्ड एकदाच भरा.

लाइट जाण्याच्या बाबतीत मात्र प्रगती मान्य करावीच लागते. विंडोज ९८ वर लाइट गेली की परत आल्यावर स्कॅनडिस्कची (डिस्क तपासणीची) निळी स्क्रीन पाहत बसायचं, कारण फॅट या फायली साठवायच्या जुन्या पद्धतीत अर्धवट राहिलेल्या नोंदीला वाली नव्हता. एनटीएफएस ही नंतरची पद्धत आधी नोंदवही लिहिते, मग बदल करते. २००१ च्या एक्सपीपासून ती घराघरात आली. पण ती सांभाळते फायलींची रचना, तुमचं अर्धवट सेव्ह झालेलं बिल नव्हे. यूपीएस हवाच.

याच संदर्भात फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नाही; कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर झोपवून ठेवला जातो. म्हणून प्रिंटर अडकला, ड्रायव्हर बिघडला की ‘बंद करून चालू केलं, तरी तसंच’ अशी तक्रार येते. रीस्टार्ट करा, तोच खरा नव्याने सुरू होतो. किंवा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून हे बंदच करा. एसएसडीवर काही सेकंदांचाच फरक पडतो.

भाषेची बाजू सोलापूरला विशेष भावते. इथे एकाच टेबलावर मराठी, तेलुगू आणि कन्नड लागतं. विंडोज-स्पेस दाबून तिन्ही फिरवता येतात, आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिकलेल्याला वेगळं काही शिकायचं नाही: के या कळीवर तिन्ही लिप्यांत ‘क’, डी वर हलन्त. इनस्क्रिप्ट येत नसेल तर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिक कीबोर्डही मिळतो. ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा लक्षात ठेवायचा पर्याय चालू करा, नाहीतर बिलाच्या रकान्यात तेलुगू उमटतं.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फायली ११ वरही उघडतात, फॉन्ट बसवला की झालं. मात्र वर्डमधलं वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करणारं ऑटोकरेक्ट आधी बंद करा. त्या फॉन्टांत कॅपिटल म्हणजे दुसरंच देवनागरी अक्षर, आणि चूक छापून आल्यावरच दिसते.

एक धोका आवर्जून पाहा. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बऱ्याच मशीनवर डिस्कला कुलूप घालणारं डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. पुढे व्होल्टेजच्या झटक्याने बोर्ड गेला आणि बदलला, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेला. की कागदावर छापून कपाटात ठेवा, किंवा बायॉसला हात लावण्यापूर्वी एन्क्रिप्शन बंद करा.

सातव्या पिढीची किंवा त्याआधीची मशीन असतील तर नियम वाकवून ११ घुसवू नका. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण नाव नोंदवलेल्या घरगुती मशीनला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. ऑफिसच्या मशीनसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे. डॉसचा प्रोग्रॅम चालवणारं ३२ बिटचं एखादं मशीन मागे ठेवायचंच असेल, तर त्याची लॅन वायर काढा आणि पेन ड्राइव्हने डेटा न्या.