डेक्काचा ‘रिंग’ संच : चौदा सीडींमध्ये राखलेले एक अखंड नाट्य

जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नर यांच्या ‘डेर रिंग देस निबेलुंगेन’ (निबेलुंगाची अंगठी) या चार ऑपेरांच्या, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकांच्या, मालिकेचे, जॉर्ज शोल्टी यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह झालेले ध्वनिमुद्रण डेक्का कंपनीने १९९७ मध्ये चौदा सीडींच्या संचात पुन्हा प्रसिद्ध केले. हा संच मी गेल्या श्रावणात मुंबईतील एका जुन्या सीडी विकणाऱ्या गृहस्थांकडून मागवला आणि दिवाळीनंतरचे पाच रविवार सोलापुरातील माझ्या घरी पहिल्या सीडीपासून शेवटच्या सीडीपर्यंत क्रमाने ऐकला. एवढे मोठे संच घ्यावेत की नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

माझ्या कपाटात लहानमोठे साठेक संच आहेत आणि त्यांतले निम्मे मी आज पुन्हा विकत घेणार नाही. लोकप्रिय गाण्यांचे शंभर-दीडशे गाणी भरलेले जे संच मी उत्साहाने घेत गेलो, त्यांतील बहुतेकांवर गायकाचे आणि चित्रपटाचे नाव असते, पण ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचे, साथीला कोण होते, याची साधी नोंद नसते, आणि एका गाण्यानंतर दुसरे गाणे का येते याला काही कारण नसते. अशा संचातून एक सीडी हरवली तरी काही बिघडत नाही. ‘गीतरामायणा’चे तसे नाही. १९५५ च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक या क्रमाने आलेली ती ५६ गीते सुधीर फडके यांच्या स्वरात संचरूपाने ऐकताना कथा पुढे सरकत राहते आणि मधला एक भाग जरी गळला, तरी वनवासातून एकदम लंकेत पोचल्यासारखे होते. ९ सप्टेंबर २००९ रोजी निघालेला बीटल्स यांचा स्टिरिओ संचही मी याच कारणासाठी जपून ठेवला आहे, कारण त्यात प्रत्येक अल्बम त्याच्या मूळ क्रमाने, वेगळ्या पाकिटात राखला आहे. संच घेताना मी आता एवढेच पाहतो की, जे मुळात सलग आहे ते त्याने सलग ठेवले आहे का.

त्या कसोटीला ‘रिंग’सारखी दुसरी कलाकृती मला माहीत नाही. ‘दास राइनगोल्ड’, ‘दी वाल्क्यूरे’, ‘सीगफ्रीड’ आणि ‘ग्योटरडेमरुंग’ या चार नाटकांचा एकूण काळ साडेचौदा तासांच्या आसपास भरतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे बसत असत असे धरले, तर या मालिकेला शंभराच्या आसपास तबकड्या लागल्या असत्या. त्या काळी मोठ्या रचनांच्या तबकड्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत विकल्या जात आणि ‘अल्बम’ हा शब्द तिथूनच आला. पुढे लाँग प्लेच्या काळात शोल्टी यांची ही ‘रिंग’ एकोणीस तबकड्यांवर निघाली. ध्वनिमुद्रण १९५८ मध्ये ‘दास राइनगोल्ड’पासून सुरू झाले, १९६२ मध्ये ‘सीगफ्रीड’ आणि १९६४ मध्ये ‘ग्योटरडेमरुंग’ झाले आणि मालिकेत दुसरी असलेली ‘दी वाल्क्यूरे’ सर्वांत शेवटी १९६५ मध्ये पूर्ण झाली. स्टुडिओत पूर्णत्वाला गेलेली ही पहिली ‘रिंग’ होय.

निर्माते जॉन कलशॉ यांनी हे काम करताना जो विचार केला, तो मला फार मोलाचा वाटतो. घरी बसून ऐकणाऱ्याला रंगमंच दिसत नाही, म्हणून केवळ आवाजातून रंगमंच उभा करायचा, पात्रे डावीकडून उजवीकडे चालताना ऐकू आली पाहिजेत, गुहेतला आवाज गुहेतून आला पाहिजे, हे त्यांनी स्टिरिओच्या त्या आरंभीच्या काळात ठरवले आणि तडीस नेले. ‘दास राइनगोल्ड’मध्ये पाताळातील कारागिरांच्या ऐरणींचा प्रसंग आहे. वाग्नर यांनी तिथे अठरा ऐरणी लिहिल्या आहेत आणि कलशॉ यांनी खरोखरच अठरा ऐरणी गोळा केल्या. ‘ग्योटरडेमरुंग’मध्ये नायक सीगफ्रीड दुसऱ्या पुरुषाचे रूप घेऊन येतो, तिथे गायक वोल्फगांग विंडगासन यांचा चढा आवाज यंत्राच्या साहाय्याने खाली आणून भारदस्त केला आहे. रंगमंचावर हे शक्य झाले नसते. व्हिएन्नातील ज्या सोफियनझाल सभागृहात हे सारे घडले, ते आरंभी स्नानगृह होते, पुढे नृत्यगृह झाले, आणि २००१ मध्ये ते आगीत जळाले. त्या वास्तूचा घुमारा आज या सीडींमधूनच ऐकायचा.

आमच्या शहरात या प्रकारचे संगीत विकत मिळत नाही. नवी पेठेत कॅसेट आणि सीडी ढिगाने विकल्या जात असत, तेव्हाही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा कप्पा मला कुठे आढळला नव्हता. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचे, काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये दुपार घालवायची आणि रात्री परतीची गाडी धरायची, असा माझा अनेक वर्षांचा रिवाज होता. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले आणि तेव्हापासून जुने संग्रह विकणाऱ्यांवर भिस्त आहे. या संचासाठी मी सहा हजार रुपये मोजले. वाटेत दोन डब्यांच्या बिजागऱ्या तुटल्या होत्या, सीडींवर मात्र ओरखडा नव्हता. चार नाटकांचे चार डबे आणि ते सगळे सामावून घेणारी जाड पुठ्ठ्याची खोळ, ही बांधणी आमच्याकडच्या धुळीला चांगली तोंड देते. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर कोणताही संच ठेवू नये, एवढी काळजी घेणे पुरेसे आहे.

ऐकण्याच्या खोलीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि शहाबादी फरशी यांमुळे माझ्या खोलीत तुताऱ्यांचा आवाज कर्कश होऊन परतत असे. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर मी दोन जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगल्या आणि तो कर्कशपणा बराच निवळला. चाटी गल्लीत त्या चादरी घेताना विक्रेत्याने पलंगाचे माप विचारले होते, मी भिंतीचे सांगितले.

पहिल्या रविवारी शेजारचे आप्पा मुद्दाम येऊन बसले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, तरुणपणी त्यांनी संगीत नाटकांसाठी रात्री जागवल्या आहेत आणि जर्मन भाषेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ‘दास राइनगोल्ड’चा आरंभ ऱ्हाइन नदीच्या तळाशी होतो. डबल बेस ही मोठी तंतुवाद्ये अगदी खालचा एक स्वर धरतात, मग बसून नावाची फुंकवाद्ये त्यावर पाचवा स्वर ठेवतात, मग आठ फ्रेंच हॉर्न एकामागून एक तीच चढती स्वरावली घेत एकमेकांत मिसळतात आणि १३६ मात्राखंड उलटेपर्यंत संगीत त्या एका स्वरसंगतीतून हलत नाही. आप्पा डोळे मिटून म्हणाले, “सर, ह्यांनी तर षड्ज-पंचम लावून ठेवलाय. आता गाणार कोण?” पाश्चात्त्य संगीतात आपल्याला शिरकाव नाही असे समजणाऱ्या आपल्या श्रोत्याने ही पहिली पाच मिनिटे अवश्य ऐकावीत. विहिरीतून पाणी चढावे तसा तो नाद चढत जातो, आणि या ध्वनिमुद्रणात तो स्पीकरमधून न येता खोलीच्या तळातून येतो असे वाटते.

गायकांविषयी लिहायचे तर देवराज व्होटानची मुलगी ब्रुनहिल्ड हिच्या भूमिकेतील बिर्गिट निल्सन यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. पूर्ण वाद्यवृंद भरात असताना त्याच्यावरून सरळ निघून जाणारा इतका स्वच्छ, न कापणारा तार सप्तकातील आवाज मी अन्यत्र ऐकलेला नाही. पहिल्या नाटकात निवृत्तीतून परतलेल्या किर्स्टन फ्लागस्टाड देवपत्नीच्या लहानशा भूमिकेत आहेत, त्यांच्या प्रत्येक वाक्याला वजन आहे. ‘दी वाल्क्यूरे’तील देवराज व्होटान मात्र वादाचा विषय होऊ शकतो. हान्स होटर त्या वेळी ५६ वर्षांचे होते आणि लांब स्वरांवर त्यांचा आवाज डळमळतो, हे कानाआड करता येत नाही. तरीही आज्ञा मोडणाऱ्या लाडक्या मुलीला अग्नीच्या वर्तुळात निजवून बाप निरोप घेतो, त्या शेवटच्या प्रसंगात तोच थकलेला आवाज मला योग्य वाटला. आप्पांनी त्या ठिकाणी एवढेच विचारले, “राजाच आहे ना तो, मग शिक्षा मागे का घेत नाही?” व्होटान स्वतःच्याच वचनांनी बांधला गेला आहे, हे सांगताना मला दशरथ आठवला आणि पुढचे काही समजावावे लागले नाही. शोल्टी यांच्या संचालनात जोशाच्या जागा अतुलनीय उतरतात. शांत संभाषणाच्या काही जागी मात्र ते पुढच्या उसळीची वाट पाहत आहेत असे वाटत राहते. ज्यांना रंगमंचावरचा प्रत्यक्ष प्रयोग आणि अधिक चपळ गती हवी, त्यांनी संचालक कार्ल ब्योम यांचे जर्मनीतील बायरॉइट येथे १९६६-६७ मध्ये प्रयोग चालू असताना केलेले ध्वनिमुद्रण पाहावे. त्यातही निल्सन आणि विंडगासन आहेत.

या संचाचे खरे अर्धे मोल पुस्तिकांत आहे. प्रत्येक नाटकाची पूर्ण संहिता जर्मन आणि इंग्रजी अशी शेजारी-शेजारी छापली आहे, ध्वनिमुद्रण कधी व कुठे झाले आणि कोणी काय गायले, याच्या नोंदी आहेत. अक्षर बारीक असल्याने मी भिंग घेऊन बसतो, पण पुस्तिकेशिवाय हा संच ऐकणे म्हणजे नाट्यगृहाबाहेर उभे राहून नाटक ऐकण्यासारखे आहे. माझा क्रम असा होता : आदल्या रात्री संहिता एकदा वाचून काढायची, रविवारी ऐकताना बोट ओळीवर ठेवायचे, आणि जिथे अर्थ निसटेल तिथे न थांबता पुढे जायचे. वाग्नर यांनी अंगठीला, तलवारीला, शापाला, नदीला आपापली स्वरावली दिली आहे आणि तीच साऱ्या मालिकेत रूप पालटून येत राहते. संगीताचे अभ्यासक डेरिक कूक यांनी १९६८ मध्ये या स्वरावलींची १९३ उदाहरणांसह केलेली फोड आता स्वतंत्र दोन सीडींवर मिळते. शक्य असल्यास ती आधी ऐकावी.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. या आवृत्तीत मूळ टेपवरची सरसर कमी करण्यासाठी संगणकीय प्रक्रिया वापरली आहे आणि तिच्यामुळे व्हायोलिनच्या वरच्या स्वरांतली थोडी झळाळी गेली आहे असे माझे कान सांगतात. २०२२ मध्ये मूळ टेपवरून नव्याने केलेली आवृत्ती बाजारात येऊ लागली. ज्यांचे यंत्र आणि खिसा दोन्ही तयार आहेत, त्यांनी तिचा विचार करावा. दुसरी उणीव सीडीच्या मापाचीच आहे. ‘दास राइनगोल्ड’ रंगमंचावर विश्रांतीशिवाय सलग होते आणि ‘ग्योटरडेमरुंग’चा पहिला अंक पूर्वरंगासह दोन तासांच्या घरात जातो, त्यामुळे ऐन रंगात उठून सीडी बदलावी लागते.

हा संच ऐकताना एक खंत मात्र सतत मनात होती. ‘रिंग’ची संपूर्ण मालिका बायरॉइट येथे पहिल्यांदा १८७६ च्या ऑगस्टमध्ये सादर झाली आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. चार वर्षांच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन परंपरांपैकी एकीचे साडेचौदा तास आज माझ्या फळीवर अक्षरशः जसेच्या तसे आहेत आणि दुसरीतील बालगंधर्वांचा आवाज ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत उरला आहे. वन्समोअर घेत रंगत जाणारे पद, त्याच्या आधीचा संवाद, नंतरची शांतता, यांतले काहीही त्या तबकडीवर मावत नव्हते. आप्पांना यातले बरेच आठवते, पण ते त्यांच्यापुरतेच. लाँग प्ले आणि टेपचे युग आल्यावर तरी जुन्या जाणत्या नटांना एकत्र आणून एखादे संगीत नाटक नांदीपासून भरतवाक्यापर्यंत कलशॉ यांच्या निष्ठेने मुद्रित व्हायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. तसा संच निघाला असता तर मी तो आमच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या पायरीवर रात्रभर बसूनही मिळवला असता.

‘ग्योटरडेमरुंग’ आम्ही दोन रविवारांत विभागून ऐकले. शेवटच्या प्रसंगात ब्रुनहिल्ड चितेत शिरते, नदी दुथडी भरून येते आणि अंगठी जिथून चोरली गेली होती तिथे परत जाते. पुस्तिका माझ्या हातात होती, आप्पांच्या हातात काहीच नव्हते. आगीच्या लोळांमधून हळूहळू ती चढती स्वरावली वर आली, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, ही पहिल्या दिवशीचीच नदी.”