इझाकाया: टॅबलेटवाला की काउंटरवाला?

नवीन प्रोजेक्टवर तोक्योला आलेला मराठी माणूस पहिले दोन-तीन आठवडे निशि-कासाईत, म्हणजे तोक्योतल्या भारतीयांच्या वस्तीत, डोसा-बिर्याणीवर काढतो आणि मग एका शुक्रवारी हळूच विचारतो, "ते लाल कंदील लावलेलं दुकान असतं ना, तिथे जायचं का?" म्हणजे इझाकाया, जपानी पिण्या-खाण्याचं दुकान. जायचंच. प्रश्न एवढाच, की कुठल्या दुकानात. स्टेशनसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा चेनवाला इझाकाया, जिथे बूट लॉकरमध्ये ठेवून लाकडी किल्ली खिशात घालायची आणि टॅबलेटवर बोट फिरवायचं? की मागच्या गल्लीतला आठ स्टुलांचा काउंटरवाला, नवरा-बायको चालवतात तो?

आम्ही पहिली दोन वर्षं फक्त चेनमध्ये गेलो. आता सहसा जात नाही. तुमचा निकाल वेगळा लागला तर मला नवल वाटणार नाही, कारण आमचा निम्मा निकाल बायकोच्या ताटलीत काय पडतं यावर लागला आहे. मी सगळं खातो. तिला अंडं चालतं, मासा-मटण नाही.

पैशांचं आधी उरकून घेऊ. पिण्यासकट माणशी ३,००० येनच्या आसपास चेनमध्ये भागतं, काउंटरवर ४,००० धरून चला. निदान आमचं तरी असंच होतं. टिप कुठेच नाही. चेनमध्ये नोमिहोदाई, म्हणजे हवं तितकं प्या, मिळतं. पण बहुधा दोन तासांचं, आणि संपायच्या अर्धा तास आधीच शेवटची ऑर्डर घेऊन टाकतात. मोठा पिणारा गट असेल तर हा हिशेब चेनच्या बाजूने जातो, यात वाद नाही.

नवख्याचं डोकं फिरतं ते ओतोशीवर. बसल्या बसल्या न मागवलेली एक वाटी समोर येते आणि बिलात माणशी ३०० ते ५०० येन लागतात. आपल्या परमिट रूममध्ये चकना फुकट येतो. इथे चकना सक्तीचा आणि विकतचा. ओसाकाकडे त्यालाच त्सुकिदाशी म्हणतात, नाव बदलून पैसे काही वाचत नाहीत. भांडू नका, जागेचं भाडं समजा. काही चेनमध्ये आधीच सांगितलं तर वगळतात. काउंटरवर तसं विचारणं म्हणजे कोणाच्या घरी जाऊन "चहा नको, पैसे वाचवा" म्हणण्यासारखं आहे.

चेनची बाजू खरंच भक्कम आहे. टॅबलेट बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होतो, प्रत्येक पदार्थाचा फोटो आणि भाव समोर असतो, तोंड उघडावं लागत नाही. तोरिकिझोकुसारख्या ठिकाणी तर याकितोरीपासून (काडीला लावून भाजलेली कोंबडी) बिअरपर्यंत सगळ्याला एकच भाव, म्हणजे हिशेब बोटांवर. सहा-आठ जण असाल, बरोबर मुलं असतील, तर पुढचं वाचूसुद्धा नका, चेनमध्ये जा.

काउंटरवर पहिली अडचण अक्षराची. भिंतीवर कागदाच्या पट्ट्या, त्यावर कुंचल्याने लिहिलेलं. फोनचा कॅमेरा धरला तर भाषांतर काय येईल सांगता येत नाही. माझ्या फोनने एकदा हियायाक्कोचं, म्हणजे थंड टोफूचं, 'थंड नोकर' केलं होतं. आम्ही हसून बेजार झालो; मग कळलं की फोन अगदीच चुकला नव्हता. याक्को म्हणजे सामुराईचा चाकर. त्याच्या अंगरख्यावर चौकोनी चिन्ह असायचं, आणि टोफूचे तसे चौकोन कापतात म्हणून हे नाव. दुसरी अडचण धुराची. एप्रिल २०२० पासून तोक्योत खाण्याच्या ठिकाणी सिगारेटला बंदी आहे, पण जिथे नोकरमाणूस ठेवलेला नाही अशा छोट्या दुकानांना सूट मिळते. दारावर तशी पाटी असते, ती बघूनच आत शिरा.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, चेनच बरी. आम्हीही दोन वर्षं तेच म्हणत होतो. पण कात्सुओबुशी आडवी आली.

कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा. सुताराच्या रंध्यातून निघतात तसे त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि टोफूवर, वांग्यावर, उकडलेल्या पालकावर हातसैल भुरभुरतात, आपण कोथिंबीर घालतो तसे. फोटोत दिसतो टोफू. मी बायकोसाठी गरम आत्सुआगे मागवला, म्हणजे जाड तळलेला टोफू. तो आला तेव्हा वाफेने वरचे पापुद्रे वळवळत होते. ती जरा मागे सरकून म्हणाली, "हे जिवंत आहे का रे?"

टॅबलेटवर 'वासाबी नको'ला बटण होतं, 'बर्फ कमी'ला होतं. याला नव्हतं. घंटी दाबली. कॉलेजातला पोरगा आला, गुडघ्यावर बसला, चार वेळा माफी मागितली, आत गेला, परत आला, पुन्हा माफी मागितली. पाच मिनिटांनी नवी ताटली आली. नवी म्हणजे तीच. पापुद्रे खरवडून काढलेले, दोन सोयाला चिकटून राहिलेले. हेच वेगवेगळ्या तीन चेनमध्ये झालं. पोराचा दोष नव्हता. त्याच्या चिठ्ठीवर पदार्थाचं नाव आणि आकडा येतो, वाक्याला जागाच नाही. पण दर वेळी तिने एदामामे, म्हणजे हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, आणि फ्राइज खायच्या आणि मी शेजारी बसून कोंबडीच्या काड्या ओढायच्या, याला बाहेर जेवणं कसं म्हणायचं?

मग एकदा तोझाई लाइनवरच्या मोन्झेन-नाकाचोला, देवळामागच्या गल्लीत एका काउंटरवर बसलो. तिने वाक्य पाठ केलं होतं: "साकाना मो, निकु मो, दाशी मो दामे देसु." मासा नाही, मांस नाही, माशाचं पाणीही नाही. ताइशो, म्हणजे मालक, क्षणभर छताकडे बघत राहिला. "तामागो वा?" अंडं? चालेल. तिच्यापुढे ठेवलेली माकुळाची ओतोशी त्याने उचलून माझ्यापुढे सरकवली आणि तिला काकडी आणि दाणेदार मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, दिला. मग शिइताके मशरूम जाळीवर उलटे ठेवले, छत्रीच्या वाटीत पाणी साठेपर्यंत हलवले नाहीत, वर फक्त मीठ. वांगं थेट आचेवर काळं केलं आणि बोटं गार पाण्यात बुडवत बुडवत सोललं, अगदी आपली आई भरताचं सोलते तसं. वर किसलेलं आलं. बायकोने पट्टीवरच्या दाशिमाकीकडे बोट दाखवलं तर त्यानेच मान हलवली: अंडं आहे खरं, पण आत दाशी.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. टॅबलेटने ते अंडं विकलं असतं.

महिन्याभराने परत गेलो. मी टोफू मागवला. तिच्यापुढे आला तो आलं आणि पातीचा कांदा घातलेला, माझ्यापुढे पापुद्रे घातलेला. आम्ही काहीच बोललो नव्हतो.

अर्थात सगळेच ताइशो असे नसतात. एकाने आम्हाला सरळ "मुझुकाशी" म्हणून वाटेला लावलं होतं, म्हणजे जमणं कठीण आहे. आणि कोंबडी भाजलेल्या जाळीवरचं वांगं ज्यांना चालत नाही त्यांनी दोन्हीकडे जाऊ नये. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम असतो, मिसो सूपमध्ये दाशी असते, आणि 'तारे' नावाच्या गोड सॉसच्या भांड्यात कोंबडीच्या काड्याच बुचकळून निघतात, म्हणून भाज्या नेहमी 'शिओ', मिठाच्या मागा. ही सावधगिरी काउंटरवरही लागते.

जायचं तर साडेपाचला जा, दोघंच किंवा तिघं. शुक्रवारी सातनंतर आठ स्टुलं भरलेली असतात. नोरेनचा पडदा बाजूला करून फक्त दोन बोटं दाखवायची. जागा नसेल तर ताइशो दोन्ही हातांची फुली करून दाखवतो. फुली दिसली, तर स्टेशनसमोर तिसऱ्या मजल्यावर टॅबलेट आहेच.