1950 ची पैठणी, ‘ब्लाउज पीससह’

आधी आकडा लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहायची हिंमत व्हायची नाही. 32,549 रुपये, ऑनलाइन पैठणी घेताना फसले त्यात गेलेले. शिंप्याचे 850 यात धरलेले नाहीत.

आणि मी पतसंस्थेत काउंटरला बसते. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही हो काका’ हे वाक्य दिवसातून चारदा म्हणते. काचेवर तसा कागद चिकटवलाय, तोही मीच टाइप केलेला. हसा.

मला जुन्या धाटणीचं नेसायला-घालायला आवडतं. कपाटात जपून ठेवायला नाही, मजा म्हणून. शनिवारी कामावर टिपक्यांची सुती साडी, वर खणाचा कॉलरवाला ब्लाउज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर आजोबांचं एचएमटी. सासूबाईंची एक इरकल कमरेपाशी विरली होती, तिचा घेरदार स्कर्ट शिवला, टोपपदर बरोबर पुढे येईल असा. तो घालून मी मंडईतही जाते. एक्केचाळिसाव्या वर्षी लाल रिबिनी बांधून दोन वेण्या घातल्या तेव्हा मैत्रीण म्हणाली, नाटकातून पळून आलीस काय? सांगलीत ही काही शिवी नाही.

नाटकावरूनच सगळं सुरू झालं. 5 नोव्हेंबर, रंगभूमी दिन. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या सांगलीत, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. आम्हा हौशी मंडळींचं ठरलं की यंदा संगीत नाटकांच्या जमान्यातला पोशाख करून जमायचं. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल चांगल्या घरच्या बायका करायच्या, तो जमाना. नथ होती, अंबाड्यावरचं फूल होतं, लांब बाह्यांचा खणाचा ब्लाउज गणपती पेठेतल्या आमच्या शिंप्याकडे टाकला होता. नव्हती ती नऊवारी पैठणी.

होती खरं तर. आजीची. गावभागातल्या घरी, ट्रंकेत. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही गॅस सिलिंडर आणि धान्य वर चढवलं आणि ट्रंक खालीच राहिली. आठ दिवसांनी उघडली तर सगळ्या कपड्यांना एकच रंग, गाळाचा. त्या पैठणीचा पदर उलटा धरला तरी मोर तसाच दिसायचा. लहानपणी आजी मला ‘सुलट ओळख’ म्हणून खेळवायची आणि मी हरायचे. हे सांगतेय कारण ते मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

रील बघताना एक पेज सापडलं. वाड्यातल्या जुन्या साड्या, पणजीच्या पेटीतलं लुगडं, असलं सगळं. मागे पितळी समई, लाकडी झोपाळा. त्यात ती पैठणी. किंमत 11,500. आता शहाणी माणसं म्हणतील, इतक्या स्वस्तात कशी मिळेल? पण जुन्या जरीच्या साड्या लोक चांदीसाठी वजनावर विकतात, विकत घेणारा जर जाळून चांदी काढतो, हे आपण घरोघरी पाहिलंय. बोहारणीला पातेल्यावर लुगडी दिलेली माणसं आपण. मला वाटलं, जाळण्यापेक्षा मला देतायत. यात मूर्खपणा काय आहे सांगा.

मूर्खपणा पुढे आहे. फोटोखाली लिहिलं होतं: ‘अस्सल 1950 ची नऊवारी पैठणी, ब्लाउज पीससह.’

ब्लाउज पीससह! 1950 च्या लुगड्याला! अहो, चोळीचा खण तेव्हा वेगळा घ्यायचे. आपण ओटी भरताना साडी वेगळी आणि खण वेगळा देतो तो कशाला? आत्तापर्यंत कितीतरी बायकांची ओटी भरली असेन, दर वेळी हाताने खणाची घडी ठेवली असेन. ते दोन शब्द मी वाचले, नीट वाचले, आणि माझ्या डोक्यात काय यावं, तर त्या पीसचा बटवा शिवून होईल. झुणका करताना मध्येच आठवतं आणि कढईसमोर उभ्या उभ्या तोंड गरम होतं. दुसऱ्या फोटोत साडीला अस्सल रेशमाची खूण म्हणून सिल्क मार्कची चिठ्ठी लटकत होती. ती खूण निघाली 2004 साली. पणजीने काय स्वप्नात पाहून लावली होती?

मी अगदीच काही विचारलं नाही असं नाही. पदराची मागची बाजू दाखवा म्हणाले. तो फोनवरचा माणूस, आवाज इतका मऊ की बँकेत कर्ज विभागात शोभला असता, म्हणाला, ‘ताई, आतल्या घडीत आहे, सारखं उलगडलं की रेशीम घडीवर फुटतं.’ आणि हे खरं असतं! जुनं रेशीम घडीवरच चिरतं. जो असं बोलतो त्याने साडी हाताळलेली असणार, असं मला वाटलं. पदराची उलटी बाजू जो दाखवत नाही त्याला फोन ठेवायला सांगा, रेशीम फुटो नाहीतर आभाळ फुटो.

2,000 आगाऊ दिले. मग 9,500, ‘आज पाठवतो’ म्हणून. मग पार्सलच्या विम्याचे 1,850, परत मिळणार होते. पार्सल आलं हे विशेष. आत छापील पॉलिस्टर. मोर होते, पण उलटीकडे पांढरेफटक. पदराचा एक धागा ओढून गॅसवर धरला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. याचा प्लास्टिकचा वास आला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. बोट भाजलं ते वेगळं.

इथे थांबले असते तरी 13,350 वर निभावलं असतं. मी चिडून फोन केला. तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला. गोडाउनमधून चुकीचा नग गेला म्हणे, पोराला कामावरून काढतो म्हणे. मीच म्हटलं, काढू नका हो बिचाऱ्याला. (होय, म्हटलं.) परतीची अनामत म्हणून 4,999 भरले. मग संध्याकाळी पावणेआठला फोन. पैसे दोन हप्त्यांत परत, पहिला 14,200 चा, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून रक्कम तपासा आणि पिन टाका. दूध वर यायला लागलं होतं. एका हाताने गॅस बारीक केला, दुसऱ्या हाताने पिन टाकला. स्क्रीनवर ‘पे’ असं लिहिलेलं होतं. दूध उतू गेलं नाही, एवढंच.

दहा मिनिटांत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन केला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. हे तुम्हीही लगेच करा, रडणं नंतर. जितक्या लवकर कराल तितके पैसे समोरच्या खात्यात अडकायची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट आधी काढा, शिव्या नंतर द्या. मी आधी शिव्या दिल्या, त्याने मला ब्लॉक केलं आणि निम्मं बोलणं गेलं.

पोलीस ठाण्याचं मात्र लिहिणारच, कुठलं ते लिहीत नाही. सकाळी दहाला गेले. साहेब बंदोबस्ताला. अकराला एक हवालदार म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम कमी आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत आले तर जेवणाची वेळ. दुपारी तीनला एकदाचे कागद उघडले गेले. हवालदारांनी साडीचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, एवढ्या पैशात नवीकोरी आली असती की. जुनं कशाला घ्यायचं माणसानं?’ शेजारचा हसला. जबाब द्यायला आले होते की साडीखरेदीचा सल्ला घ्यायला, मला कळेना.

मी म्हटलं, 420 चा गुन्हा दाखल करा. तर साहेबांनी मला सुधारलं: 420 आता नाही, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 318. बरं, मग 318 चा करा! तर म्हणे माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जावं लागेल. घरी येऊन वाचलं. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात खबर नोंदवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे. दुसऱ्या दिवशी ते कागदावर लिहून नेलं. ‘वकील आहात काय?’ नाही, गिऱ्हाईक आहे. माझा अर्ज घेतला. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा. पोच मागा, शिक्का मागा, तारीख मागा. मी तीन रजा घालवल्या तेव्हा शिक्का मिळाला, तोही अर्धा उमटलेला.

बँकेतल्या बाईंनी तर संगणकावरून नजरसुद्धा काढली नाही. ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ हेच वाक्य, याच सुरात, मी काउंटरवरून कितीजणांना ऐकवलंय ते त्या क्षणी आठवलं. पण मी निदान खुर्ची तरी देते.

आत्तापर्यंत एवढंच झालंय की अनामतीचे 4,999 त्या खात्यात गोठवलेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. बाकीचे पुढे कुठे कुठे फिरले त्याचा पत्ता नाही. ते पेज नाव बदलून चालू आहे, समई तीच, झोपाळा तोच.

5 नोव्हेंबरला सासूबाईंची दुसरी इरकल नेसले आणि त्यावर तो 850 चा खणाचा ब्लाउज. झकास बसला. सगळ्यांनी विचारलं कुठून शिवला, शिंप्याचा नंबर देऊन देऊन थकले. पैठणीचं काय झालं, असंही दोघींनी विचारलं. त्यांना सांगितलं, कुरिअर अडकलंय.

आणि ह्यांना मी साडेअकरा हजारच सांगितलेत. ते रोज रात्री जेवण झाल्यावर मी लिहिलेलं वाचतात. साडेनऊ वाजत आलेत.